दुकान कुणाचं, शिक्षा कुणाला

पांढरा रस्सा दाट व्हायचा तर खसखस हवीच. काजू, तीळ, ओलं खोबरं सगळं असलं तरी भिजवलेली खसखस बारीक वाटून पडल्याशिवाय रश्श्याला अंग येत नाही. तालमीतल्या थंडाईतही बदामाच्या जोडीला ती असते. ही खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे आणि राजस्थानात चितोडगडकडे शेतकरी सरकारचा परवाना घेऊन अफू पिकवतात. हिरव्या बोंडाला चिरा देऊन जो चीक गोळा होतो तो सगळा सरकारला द्यायचा आणि बोंडं वाळली की आतलं बी मात्र खुशाल बाजारात विकायचं. चिकातून नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत औषधं तयार होतात, त्यातलं मोठं औषध मॉर्फिन. तोच चीक चोरवाटेनं गेला की त्याचं हेरॉईन होतं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यानं अफूचं झाड आणि वाळली बोंडंसुद्धा ताब्यात घेतली, बी तेवढं सोडलं. आणि हीच खसखस मसाल्याच्या डब्यातून दुबईला लेकीकडे न्यायला गेलात तर तिथल्या विमानतळावर गुन्हा होतो.

भांग आणि गांज्याचंही तसंच. झाड एकच. शेंड्याची फुलं म्हणजे गांजा, तो गुन्हा. नुसती पानं केंद्राच्या या कायद्याबाहेर, म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. इंग्रज सरकारनं १८९३ साली या झाडाच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. आयोगानं देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सांगितलं की सरसकट बंदी घालू नका. कर लावा, परवाने ठेवा, विक्रीला आळा घाला. पुढं जवळजवळ नव्वद वर्षांनी आपण उलट निर्णय घेतला.

हे एवढं सांगायचं कारण असं की नशेच्या कायद्याचा विषय निघाला की लोक पाप-पुण्याच्या भाषेत बोलायला लागतात. पाप-पुण्याची रेघ एका झाडाच्या पान आणि फुलाच्या मधून कशी जाईल? ही रेघ माणसांनी आखलेली आहे, आणि ती कुठं असावी यावर बोलायचा हक्क आपल्याला आहे.

आमच्या घरात हा वाद जुना आहे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वकील. त्याचं म्हणणं सरळ असतं: सगळं खुलं करा, कर लावा, गुंडांचा धंदा आपोआप बसेल. मी औषधाच्या दुकानात बसते. कोल्हापुरातल्या पेठेतलं दुकान, सासऱ्यांनी सुरू केलेलं. माझ्या काउंटरवरून हा प्रश्न दादाला दिसतो तसा दिसत नाही, आणि टीव्हीवर रोज ‘ड्रग्जमुक्त’च्या घोषणा देणाऱ्यांना दिसतो तसाही दिसत नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे, सांगली-इचलकरंजीकडेही, एका इंजेक्शनची मागणी वाढली. मेफेंटरमाईन. मणक्यात भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब खाली जातो, तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे वापरतात. ऑपरेशनच्या खोलीतलं औषध. ते मागायला पोरं येतात, तीही काही रस्त्यावर झोपणारी पोरं नव्हेत. एकजण आला होता, विशीतला, बुटांना मैदानाची माती, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो. डॉक्टरचं नाव लागत नव्हतं, तारीख नव्हती, औषधाचं नाव मात्र ठळक.

“काकी, असलं तर द्या की.”

“कुणाला पाहिजे?”

“मित्राला. बीपी लो होतंय त्याचं.”

“मग त्याला दवाखान्यात ने बाळा. हे घरी टोचायचं औषध नव्हे.”

तो जरा घुटमळला. मग खरं बोलला. “परवा ग्राउंड हाय ओ माझं. सोळाशे मीटर.”

पोलीस भरतीची धाव. मोबाईल पुढं करताना बाही मागं सरकली होती आणि मनगटाच्या वर दोन ठिकाणी निळं पडलं होतं, म्हणजे ही पहिली वेळ नव्हती. हे औषध अंगात गेलं की हृदय जोरात पळतं, रक्तदाब चढतो, दम लागलेला कळत नाही. दमणं ही शरीरानं दिलेली सूचना असते, ती बंद पडते. व्यायामशाळेत कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की यानं ताकद येते. मी त्याला खुर्चीवर बसवून हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, “बरं काकी” म्हणाला आणि गेला. मी नाही म्हटलं म्हणून त्यानं सोडलं असेल असं मला वाटत नाही. कुरिअरनं येणाऱ्या बाटल्यांबद्दल आम्ही औषधवाले ऐकून आहोत.

आता या पोराला कुठल्या खान्यात टाकायचं? त्याचं इंजेक्शन कायदेशीर आहे, चिठ्ठीवर मिळणारं. पोलीस व्हायला निघालेलं पोरगं पोलिसांच्याच भाषेत नशेखोर ठरतं. ‘बंदी घाला’ म्हणणाऱ्यांना मी विचारते, यावर बंदी घातली तर भूलतज्ज्ञ काय वापरणार? आणि ‘खुलं करा’ म्हणणाऱ्यांना विचारते, हे गोळ्या-बिस्किटांसारखं काउंटरवर ठेवू का?

बंदीची दुसरी बाजू मी घरात पाहिली आहे. आमचे थोरले दीर तंबाखू खायचे. तंबाखूचं निपाणी इथून तासाभरावर. तंबाखूला आमच्या भागात कुणी नशा म्हणत नाही. डबीत एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना, तळहातावर मळून गालात धरायचा. त्या गालातच कॅन्सर निघाला. शेवटच्या महिन्यांत जबडा उघडेना, पाणी नळीनं द्यावं लागे, आणि वेदना अशा की रात्री ते भिंतीवर डोकं आपटत. डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवलं. मी स्वतः औषधवाली, आणि माझ्या घरच्या माणसाला मी ते देऊ शकत नव्हते. त्या काळी मॉर्फिन ठेवायचं तर चार-पाच वेगवेगळे परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. एकाची मुदत संपली की सगळं अडायचं. या भानगडीत पडायला बहुतेक दुकानं आणि दवाखाने तयार नसत. १९८५ नंतरच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला होता. जगाला औषधासाठी अफू पुरवणारा आपला देश, आणि आपलीच माणसं वेदनेनं तळमळत होती. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांचं जंजाळ कमी झालं. तोवर दीर गेले होते. ज्या पदार्थानं त्यांना मारलं तो कोपऱ्यावरच्या टपरीवर दहा-वीस रुपयांना मिळत होता, आणि ज्यानं त्यांचं मरण सुसह्य झालं असतं ते कायद्याच्या कुलपात होतं. या गोष्टीचा राग मला अजून येतो.

म्हणून कडक कायदा म्हणजे चांगला कायदा, हे कुणी सांगितलं तर मी मान डोलावत नाही.

शिवाय हा कडकपणा पडतो कुणावर? मागच्या गल्लीतल्या एका पोराला गांज्याच्या पुडीसकट पकडलं. किलोच्या आतला गांजा कायद्यात ‘अल्प प्रमाण’ धरतात. नुसता ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. त्याचं प्रकरण दंडावर मिटलं. पण पकडल्याच्या दिवशीच त्याचा फोटो पेठेतल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला. बहिणीची ठरत आलेली सोयरीक मोडली. कुठंही नोकरीला अर्ज केला की चारित्र्य पडताळणी आली, आणि तिथं तो गुन्हा उभा. पुडी ओढून त्याचं जेवढं नुकसान होणार होतं, त्याच्या कितीतरी पट नुकसान आपण मिळून केलं. आता तो कुठं असतो, कुणाबरोबर असतो, हे त्याच्या आईलाही नीट सांगता येत नाही.

आणि मोठे? २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत, एका फार्महाऊसवर एमडी या नशेच्या पदार्थाचा कारखाना सापडला. मुंबईच्या पोलिसांनी इथं येऊन धाड घातली तेव्हा आपल्याला कळलं. काजूच्या बागा आणि भाताची खाचरं असलेला तो मुलूख! २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून एमडीचा प्रचंड साठा धरला, त्याचे धागे सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आले. एमडी म्हणजे मेफेड्रोन, २०१५ पासून बंदी असलेलं रसायन. त्याला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही. रसायनं, भांडी आणि एखादा शिकलेला माणूस मिळाला की कोपऱ्यातली शेडही पुरते. अशा धंद्यात पैसा घालणारी माणसं वेगळी आणि महाद्वार रोडवर खिशात पुडी घेऊन सापडणारं पोरगं वेगळं. कायद्याच्या पुस्तकात त्यांची कलमं वेगवेगळी आहेत हे मला ठाऊक आहे. गल्लीत मात्र एकच शब्द चालतो, ‘ड्रग्जवाला’.

इथपर्यंत दादा माझ्याशी सहमत असतो. तो म्हणतो, “मग झालं तर! सगळा घोळ बंदीमुळं. कॅनडानं २०१८ ला गांजा खुला केला, जर्मनीनं २०२४ ला केला. आपणही करू. जीएसटी लावा.”

इथं मात्र मी थांबते. मला माझ्या माहेरचं मतदान आठवतं.

माहेर कागल तालुक्यातलं. गावात शाळेच्या वाटेवर देशी दारूचं दुकान होतं, परवान्याचं, पूर्ण कायदेशीर. आपल्याकडच्या नियमानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं, आणि निम्म्याहून जास्त बायकांचा कौल बंदच्या बाजूनं पडला की दुकान बंद. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे नको. मतदानाच्या आदल्या रात्री साड्या वाटल्याची कुजबुज होती. काही घरांत नवऱ्यांनी दम भरला होता. तरी सकाळी सातपासून शाळेच्या व्हरांड्यात बायकांची रांग होती. म्हाताऱ्या सुनांचा हात धरून आलेल्या, ऊसतोडीवरच्या बायका कोयते बाहेर भिंतीला टेकवून उभ्या. गडीमाणसं पारावर बसून लांबून बघत होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

माझी चुलती रांगेत होती. तिच्या नवऱ्यानं, माझ्या चुलत्यानं, दोन एकर रान दारूत घातलं होतं. तिनं आयुष्यभर मार खाल्ला. मी तिला म्हटलं, काकू, इतकी वर्षं तू पोलिसात का गेली नाहीस? ती म्हणाली, “त्याला आत घालून मला काय मिळणार बाई? त्यो सुटंल न सुटंल. पर ह्ये दुकान तरी वाटेतनं जाऊ दे. पोरं शाळंला ह्याच रस्त्यानं जात्यात.”

या विषयावर मी बरंच वाचलं आहे, परदेशांचे कायदे, समित्यांचे अहवाल. चुलतीनं रांगेत उभं राहून जे सांगितलं त्याच्यापुढं जाणारं मला अजून सापडलेलं नाही. नशेची झळ जिनं सर्वांत जवळून सोसली, तिला पिणाऱ्याला शिक्षा नको होती. तिला विक्री नको होती. आपण नेमकं उलट करतो. पिणाऱ्याला, ओढणाऱ्याला आरोपी करतो आणि विकणारा ताकदवान असला तर त्याला परवाना देतो.

आपल्या राज्यात दारूचा कायदा अजून १९४९ चा आहे आणि त्याचं नाव दारूबंदीचाच कायदा आहे. कागदोपत्री विदेशी दारू प्यायला आजही पिणाऱ्याकडे परवाना लागतो. परमिट रूम हे नाव त्यातूनच आलं. पण त्या कायद्याखालून सरकारला जो महसूल मिळतो तो सोडायची हिंमत कुठल्याही पक्षात नाही. एम्सनं केलेल्या आणि २०१९ ला आलेल्या पाहणीत देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, भांग-गांजा-चरस घेणारे ३ कोटींच्या आसपास आणि अफूच्या जातीचे पदार्थ घेणारे सव्वादोन कोटी निघाले. जे परवान्यानं विकलं जातं ते सगळ्यांत जास्त पसरलं. दादा म्हणतो ते कर-बिर खरं असेल, पण सरकारला एकदा त्या पैशाची सवय लागली की आडव्या बाटलीचं मतदान लावायला बायकांना किती चपला झिजवाव्या लागतात ते त्यानं पाहिलेलं नाही.

आणि औषधाच्या धंद्यात राहून मी एक गोष्ट विसरू शकत नाही. अमेरिकेतली ओपिऑइडची, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांची, साथ कुठल्या तस्करानं सुरू केली नाही. १९९६ पासून पर्ड्यू फार्मा या कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन नावाची वेदनाशामक गोळी डॉक्टरांमार्फत खपवली, तिची सवय लागण्याचा धोका कमी करून सांगितला. विक्री सगळी कायदेशीर, चिठ्ठीवर. पुढं कंपनीनं कोर्टात गुन्हा कबूल केला, पण तोवर लाखो घरं त्यात अडकली होती. त्यातले कित्येक नंतर हेरॉईनकडे आणि फेंटानिलकडे गेले. आमच्याकडेही कंपन्यांचे प्रतिनिधी येतात, अमुक इतक्या पेट्यांवर अमुक सूट. गांज्याला किंवा त्याहून जड कशाला असं दुकान मिळालं तर काय होईल, याची कल्पना करायला मला परदेशात जावं लागत नाही.

पोर्तुगालनं २००१ मध्ये जी वाट धरली ती मला चुलतीच्या बोलण्याच्या सगळ्यांत जवळची वाटते. तिथं नशेचे पदार्थ विकणं आजही गुन्हा आहे. पण स्वतःपुरता, दहा दिवसांच्या वापराएवढा माल जवळ सापडला तर तो फौजदारी गुन्हा राहिला नाही. त्या माणसाला तिघांच्या समितीपुढं बसवतात, कायद्याचा, आरोग्याचा, समाजकार्याचा जाणकार, आणि उपचारांकडे वळवायचा प्रयत्न करतात. नव्वदच्या दशकात तो छोटासा देश हेरॉईननं पोखरला होता, दर शंभरात एक माणूस त्यात अडकल्याचं म्हटलं जायचं. नंतर हेरॉईनचा विळखा सैल झाला, सुईतून पसरणारा एचआयव्ही खूप कमी झाला.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २०२० मध्ये लोकांचा कौल घेऊन असंच काही केलं आणि २०२४ मध्ये ते मागं घेतलं. शिक्षा ताबडतोब काढली, पण उपचाराची केंद्रं वेळेवर उभी राहिली नाहीत. रस्त्यावर माणसं पडलेली दिसू लागली आणि लोकांचा धीर सुटला. आपल्याला खरी भीती याचीच असली पाहिजे. पुण्याला १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथून माणसं उभी राहून परत आलेली मी पाहिली आहेत. पण चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्याच्या माणसानं कुठं जायचं? खाटा किती, मानसोपचारतज्ज्ञ किती, गरिबाला परवडेल असं काय?

एक माउली दुकानात येते, मुलगा इंजिनीअरिंगला होता, नशेत अडकलेला. तिला मी हे सगळं बोलून दाखवलं तेव्हा ती चिडली. “वहिनी, तुम्ही पोलिसाची भीती काढून टाका म्हणताय. माझं पोरगं अजून घरात झोपतंय ते त्या एका भीतीपायी. मला तर कुणाचा आधार हाय?” तिचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. ज्या आईकडे दुसरं काहीच नाही तिला पोलीस हा आधार वाटतो. पण त्याच भीतीपायी तिनं दोन वर्षं त्याला डॉक्टरकडे नेलं नव्हतं. दवाखान्यात नाव लागलं की पोलिसांत जातं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी तिला एनडीपीएस कायद्यातलं ६४ अ हे कलम समजावलं: अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणातला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. कायद्यात हे आहे, आणि तिला ते सांगायला एकही सरकारी माणूस आलेला नव्हता. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फुकट नंबर तिनं माझ्या समोर फिरवला. मुलगा आता उपचार घेतोय. शेजाऱ्यांना मात्र त्यांनी सांगितलंय की तो पुण्याला नोकरीला लागलाय.

दादाला मी हे सगळं परवा जेवताना ऐकवलं. तो वकील, त्यानं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “विकायला परवानगी नाही, ओढायला शिक्षा नाही. मग ओढणारा आणणार कुठनं? त्याच गुंडाकडनं ना? चंद्रपूरला २०१५ ला दारूबंदी केली, चोरटी दारू सुटली, २०२१ ला बंदी उठवावी लागली. आपल्या चुलत्यानंही पुढच्या गावाला जाऊन प्यायलीच की.”

प्यायला. दुकान बंद झाल्यावर तो पुढच्या गावाला जाऊन प्यायचा, हे खरंच आहे. पण ते गाव सहा किलोमीटरवर होतं आणि रोज जाणं होत नसे. काही संध्याकाळी तो घरी असायचा. चुलतीला तेवढंच हवं होतं. गुंडाचा धंदा यानं संपत नाही, दादाच्या त्या प्रश्नाला माझ्याकडं पुरं उत्तर नाही. पण गुंडामागं पोलीस लावता येतात. परवानाधारकामागं, त्याच्या जाहिरातीमागं आणि त्याच्या महसुलावर बसलेल्या सरकारमागं कुणाला लावायचं? दोन्हींत नुकसान आहेच. मला त्यातलं पहिलं, म्हणजे विक्री बंद आणि ओढणाऱ्याला शिक्षा नाही, हे पत्करतं, आणि सोबत तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात व्यसनी माणसासाठी पाच खाटा आणि एक समुपदेशक हवा आहे. निवडणुकीत दारात मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेवढंच विचारणार आहे.